तांड्यातले सगळे एक जूनचे

साखऱ्याजवळचा तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
२९ जून २०२५

चि. रुपास आजोबाचे अनेक आशीर्वाद. जय सेवालाल.

उत्तराला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुझं पाकीट बारा तारखेला मिळालं आणि आज एकोणतीस आहे. पोस्टमन मुंजाजी येता-जाता विचारतो, "कारभारी, नातीला जवाब धाडला का न्हाई?" मी म्हणतो, पेरणी चालू आहे. पेरणी कधीच झाली. सोयाबीन चार बोटं वर आलं. खरं सांगायचं तर मी रोज कागद घेऊन बसतो आणि दोन ओळी लिहून उठतो.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि मी बोललो की सगळ्या तांड्याला ऐकू जातं. तुझी दादी म्हणते, "तुमाला फोन कशाला पायजे? तसंच वरडा, पुण्याला ऐकू जाईल." म्हणून पत्रच बरं.

भारताच्या मुलींच्या गोल्फ संघात तुझं नाव आलं हे वाचून छाती भरून आली. देविदास तुला आणि तुझ्या आईला घेऊन पुण्याला गेला आणि त्या मैदानावर गवत कापायला लागला, तेव्हा मला वाटलं होतं, पोरगं शेतातून गेलं ते पुन्हा गवतातच. त्याच गवतावर त्याची लेक खेळेल असं कोणाला वाटलं होतं?

पेपरातला तुझा फोटो किसनसिंग नाइकानं सेनगावहून आणला. तांड्याचा नाईक तो आणि कारभारी मी, म्हणून पेपर आधी माझ्याकडे. सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरगी वाघीण हाय कारभारी! पर चड्डी आखूड पडली. सरकारजवळ कापड कमी हाय का?" लोक हसले. तू मनावर घेऊ नको.

आता तू पाठवलेल्या कागदाचं. तुझी जन्मनोंद ग्रामपंचायतीत उशिरा झाली, म्हणून ज्यानं नोंद केली त्यानं सही करून द्यायचं की रुपा देविदास राठोड हिची १ जून २००८ ही जन्मतारीख खरी आहे. नोंद मीच केली होती, तेव्हा सही माझीच लागणार. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला आहे. पण एकदा ग्रामसेवकाला विचारावं म्हणतो आणि तो भेटत नाही. भेटला की करतो.

एक सहज विचारतो. अठरा वर्षांच्या आतलीच मुलगी लागते, हे पक्कं का? वर्षभर इकडेतिकडे झालं तर चालवून घेतात का? सहज विचारलं.

मैदानात साप असतात का, तेही कळव. विमानाची मला धास्ती वाटते.

तुझा आजोबा
गुलाबचंद


पुणे
५ जुलै २०२५

प्रिय दादा,

पत्र मिळालं. क्लबच्या मागच्या गेटाजवळ उभ्या उभ्याच वाचलं. दादीचं ओरडण्याचं वाचून बाबा इतके हसले की गवताचं मशीन बंद करायचं विसरले.

साप कधी कधी दिसतो, पण तोच मला घाबरून पळतो. खेळ सोपा आहे, दादा. लांब लांबवर अठरा खड्डे असतात. काठीनं चेंडू मारत एकेका खड्ड्यात घालायचा. ज्याला कमी फटके लागले तो जिंकला. एका खेळात दोन कोस चालणं होतं. मलेशियात सप्टेंबरच्या सोळा तारखेपासून तीन दिवस ही स्पर्धा आहे. पंधरा देश, प्रत्येकाच्या तीन मुली. रोज तिघींपैकी ज्या दोघी चांगल्या खेळल्या त्यांचेच फटके मोजतात, तिसरीचे सोडून देतात. म्हणजे रोज प्रत्येकीला भीती, आज सोडून दिली जाणारी मीच का? मला ती भीती जास्त आहे, कारण संघात माझा नंबर तिसरा.

बाकीच्या दोघींचे वडील क्लबचे सभासद आहेत. मी सोमवारची मुलगी. सोमवारी क्लब बंद असतो, तेव्हा कामगारांच्या मुलांना खेळू देतात. तशी सात वर्षं सोमवार सोमवार करत मी इथपर्यंत आले. परवा एकीची आई मला म्हणाली, "बेटा, जरा पाणी आणून दे ना." तिला वाटलं मी कॅडी आहे, दुसऱ्यांच्या काठ्या उचलणारी. मी पाणी आणून दिलं. नंतर तिला फलकावर माझा फोटो दिसला, तेव्हा बिचारीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

वयाचं एकदम पक्कं आहे. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी अठरा पूर्ण झालेली नको, एक दिवससुद्धा जास्त नको. एकीचे कागद खोटे निघाले तर तिच्यासकट सगळा संघ घरी. म्हणून आमच्या व्यवस्थापक ज्योती मॅडम कागदांच्या बाबतीत फार कडक आहेत. पण आपल्याला काय काळजी? कागदावर मला आत्ता सतरा झाली. याडी म्हणते तशी मी तिला दिवाळीत झाले असले तरी दोन हजार सातची दिवाळी धरा, अठरा भरायला येती दिवाळी उजाडेल. स्पर्धा त्याच्या आधीच आहे. पुढच्या वर्षी मात्र मी यात बसणार नाही. हे माझं पहिलं आणि शेवटचं वर्ष.

कागद दहा ऑगस्टपर्यंत पोचला पाहिजे. ग्रामसेवकाची गरज नाही, फक्त तुमची सही लागते. लवकर करा.

तुमची
रुपा


तांडा
१२ जुलै २०२५

चि. रुपास आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू त्या बाईला पाणी आणून दिलंस ते वाचून मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. दादीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाणी दिल्यानं कोणी ल्हान व्हत न्हाई. पर तिला बी एक डाव आणाया लावायचं."

इकडे पाऊस आठ दिवस नाही. तुरीला ताण बसला आहे. माझ्या उजव्या अंगठ्याला विळा लागला, त्यामुळे सही वाकडी येते. वाकडी सही परदेशात चालेल का, ही मला शंका आहे. देविदासाची सही घेतली तर नाही का चालत? तो बाप आहे. बापाची सही आजोबापेक्षा वरची. मॅडमला एकदा विचारून बघ.

आणि बाई, राग मानू नको, पण या वर्षी राहू दे असं मला वाटतं. परका मुलुख, परकं अन्न. विमान पाण्यावरून जातं म्हणतात. पुढच्या वर्षी जा, नाहीतर त्याच्या पुढच्या. तुला बारावीची परीक्षाही आहे. संघात चौथी पोरगी राखीव ठेवलेली असेलच, ती जाईल. सगळ्यांना एकदा संधी मिळाली पाहिजे.

मी हे तुझ्या भल्यासाठी लिहितो आहे. गैरसमज करून घेऊ नको. कागद माझ्याजवळ सुरक्षित आहे.

तुझा आजोबा
गुलाबचंद


पुणे
१८ जुलै २०२५

दादा,

पत्र वाचलं. हे माझं शेवटचं वर्ष आहे असं मी स्पष्ट लिहिलं होतं, आणि तुम्ही लिहिता पुढच्या वर्षी जा. म्हणजे तुम्ही माझं पत्र वाचलं नाही, किंवा वाचून न वाचल्यासारखं केलं.

मी काल दादीशी फोनवर बोलले. अंगठ्याचं विचारलं, तर ती म्हणाली, "कोणता अंगठा? काई झालं न्हाई त्यायला." पेपरातला माझा फोटो तुम्ही घडी घालून पेटीत खाली ठेवला, हेही तिनंच सांगितलं. आता मला कळलं. तुम्हाला माझी लाज वाटते. किसनसिंग काका माझ्या कपड्यांवरून बोलले, लोक हसले, आणि कारभाऱ्याची मान खाली गेली. तसं सरळ लिहायचं होतं. ग्रामसेवक, विळा, विमान हे सगळं कशाला?

दादा, बाबा पहाटे उठून ते गवत कापतात, आणि सभासद आले की झाडामागं थांबतात, कारण खेळताना कामगार समोर दिसलेले चालत नाहीत. निवडीच्या दिवशी मी शेवटच्या खड्ड्यावर होते तेव्हा बाबा तसेच झाडामागं उभे होते. मला निवडलं तरी ते बाहेर आले नाहीत. मी जाऊन त्यांना ओढून आणलं. तेव्हा ज्योती मॅडमनी त्यांच्याशी हात मिळवला आणि बाबा आधी आपला हात पॅन्टला पुसत राहिले. माझ्या खेळाची लाज न वाटणारा माणूस असा असतो.

लहानपणी तुम्हीच मला शाळेत सोडायला यायचात. तांड्यातल्या सगळ्या मुलांना तुम्हीच शाळेत घातलंत असं सगळे सांगतात. आणि आज नातीसाठी तुम्हाला एक सही जड झाली.

मला फार काही नको. सही करा आणि कागद पाठवा. बाकी माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू द्या.

रुपा


तांडा
२३ जुलै २०२५

चि. रुपास,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

तुझी लाज मला कधी वाटली नाही. लाज मला माझी वाटते. फोटो पेटीत ठेवला, कारण तो समोर असला की तू माझ्याकडे बघतेस असं वाटायचं. अंगठ्याचं खोटं लिहिलं. ग्रामसेवक इथंच आहे, रोज भेटतो. आता खरं लिहितो. हे वाचशील तेव्हा एकटी बसून वाच.

तुझा जन्म २००६ च्या दिवाळीतला आहे. अवसेच्या रात्री दिवे घेऊन घरोघर मेरा मागतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यातल्या पोरी गोधनाच्या पूजेसाठी फुलं आणायला रानात गेल्या होत्या आणि त्या गात गात परत येत असताना तू झालीस. दादीनं नाळ कापली. तुझ्या आईला साल सांगता येत नाही, पण मला येतं. त्याच वर्षी सेवालालाच्या देवळाची पायरी बांधली आणि तिच्यावर रंगानं साल मीच लिहिलं होतं. ते अजून दिसतं. म्हणजे मागच्या दिवाळीलाच तुला अठरा भरली.

आता एक जून कुठून आला ते सांगतो. देविदास आणि शिला दोघं आधी पुण्याला बांधकामावर होते. तुला बरोबर घेऊन गेले होते. तिथं शाळा नाही, काही नाही. तू इकडं परत आलीस तेव्हा सात पूर्ण होऊन आठवं चालू होतं आणि तुला एक अक्षर येत नव्हतं. विटा मात्र शंभरापर्यंत मोजायचीस. २०१४ च्या जूनमध्ये मी तुला पहिलीत घालायला नेलं. मास्तरानं विचारलं, वय किती? मी म्हणालो, सहा. त्यानं तुझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "कारभारी, लई उंच हाय तुमची सहा वर्षांची पोर."

मी म्हणालो, "आमच्या तांड्याचं पाणीच तसं हाय, मास्तर."

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हाचं माझं हसू आता आठवलं की जेवण जात नाही.

मास्तरानं १ जून २००८ लिहिलं. तारीख ठाऊक नसली की एक जूनच लिहायची रीत होती. तुझ्या एकटीचं नाही. आपल्या तांड्यात एक जूनला जन्मलेली एकतीस माणसं आहेत. एकतिसांनाही मीच शाळेत नेलं. तांड्यात लिहिता-वाचता येणारा मी एकटा, तोही चौथीपर्यंत. बाया माझ्या दारात लेकरं आणून उभी करायच्या. "कारभारी, माझ्या पोराचं बी दीड-दोन वरीस कमी लिवा, भरतीला कामी येतील." मी लिहवायचो. मला वाटायचं, मी या लेकरांना दोन-दोन वर्षं जास्तीची देतो आहे. त्याचा मला अभिमान होता. लोक पाया पडायचे.

तुझं नाव शाळेत घातल्यावर ग्रामसेवक म्हणाला, जन्माची नोंदही करून टाका. मी शाळेतलीच तारीख दिली आणि सही केली. ती सही मी सावकाश, वळण काढून केली होती.

कोणी मुलगी खेळात जाईल आणि तिला हे कमी लिहिलेलं वय आडवं येईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कमी वयानं कोणाचं वाईट होत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. तुझ्या पहिल्या पत्रात अठराची अट वाचली तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. आधी वाटलं, गप्प बसावं. मग वाटलं, तुला जाऊच देऊ नये. तू ते लाजेवर घेतलंस. तू मला जे लिहिलंस ते मला बरोबर लागलं, पण कारण वेगळं होतं.

आता मी काय केलं ते सांगतो. कागदावर मी सही केली आहे. सोबत ठेवला आहे. जिथं एक जून लिहिलं आहे त्याच्या खाली माझी सही आहे. आणि खरं काय ते या पत्रात आहे. दोन्ही तुझ्याजवळ आहेत. तुला जायचं असेल तर कागद दे आणि हे पत्र चुलीत घाल. मी कोणाला सांगणार नाही, दादीही सांगणार नाही. तुझा एवढा हक्क मी मारावा असं मला वाटत नाही. तू शिकलेली आहेस, तुला बरंवाईट जास्त कळतं.

तुझा अपराधी
गुलाबचंद


पुणे
३० जुलै २०२५

दादा,

पत्र मिळून दोन दिवस झाले.

याडीला विचारलं. ती म्हणाली, "मला साल कुठं कळतं? तांड्यात लाईट आली त्याच्या आदल्या दिवाळीला." बाबांना विचारलं. ते बूट पुसत होते. पुसलेलाच बूट पुन्हा पुसायला लागले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

मी काल सरावाला गेले आणि कधी नव्हे इतकं चांगलं खेळले. ज्योती मॅडम म्हणाल्या, "रुपा, अशीच खेळलीस तर पहिल्या दोघींत येशील." मी हो म्हटलं. खिशात तुमचा सही केलेला कागद होता. काढून दिला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. बाकी दोघी मला टाळ्या देत होत्या. त्यांना वाटतं की आम्ही तिघी जाणार. माझे कागद खोटे निघाले तर त्या दोघींनाही परत पाठवतील, हे तुम्हाला मी लिहिलं होतं.

तुम्ही वय कमी लिहिलंत याचा मला एवढा राग नाही. राग या पाकिटाचा आहे. खरं मला लिहिलंत आणि खोटं मॅडमसाठी सही करून दिलंत, आणि म्हणालात आता तू ठरव. म्हणजे खोटं बोलायचं असेल तर रुपानं बोलायचं, आणि खरं बोलून घरी बसायचं असेल तर तेही रुपानंच. तुमचा हात दोन्हीकडून मोकळा. तुम्हाला वाटलं असेल की तुम्ही मला हक्क देताय. तो हक्क नव्हता, दादा.

कागद परत पाठवते आहे. सही तुमची आहे. मी मॅडमना काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पाकिटाच्या आत मॅडमचा पत्ता आहे. दहा तारखेच्या आत त्यांना काय पाठवायचं ते तुम्ही ठरवा. काहीच पाठवलं नाहीत तरी माझं नाव आपोआप जाईल, तो रस्ताही तुम्हाला आहे. पण मग मॅडमना कायम वाटेल की माझ्या घरच्यांना एक सही जमली नाही.

तुमच्या पत्राची वाट बघत नाही.

रुपा


तांडा
८ ऑगस्ट २०२५

रुपास,

वाट बघत नाहीस तरी लिहितो. तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी दोनदा वाचलं आणि एकदा दादीला वाचून दाखवलं. पाकिटाबद्दल तू लिहिलंस ते मी गाळून वाचलं. दादी म्हणाली, "मधलं काहून खाल्लं? वाचा." मग सगळं वाचलं. ती म्हणाली, "पोरगी खरं बोलली. तुमी लेकराच्या हातात इंगळ देऊन म्हनले, बघ बाई, गार हाय का गरम."

संध्याकाळी मी किसनसिंग नाइकाच्या ओट्यावर गेलो. कारभाऱ्यानं नाइकाला न विचारता काही करायचं नसतं, ही आपली चाल. चार माणसं होती. भिकाबाईही होती, तिच्या नातीला मी मागच्याच वर्षी शाळेत नेलं. मी सांगितलं की रुपाचं खरं वय लिहून देणार आहे. नाईक एकदम उभा राहिला. "डोकं फिरलं का कारभारी? एकीचं निघालं की सगळ्यांचं निघंल. माझा विकास पोलिसात हाय. त्याला बी तुमीच नेलं व्हतं ना शाळेत?"

मी म्हणालो, "मीच नेलं व्हतं."

"मग? नातीच्या चेंडूपायी तांडा बुडवता?"

भिकाबाई म्हणाली, "आमी का तुमच्या पाया पडलो ते असं कराया?" मी उठलो आणि परत येताना माझी चप्पल तिथंच राहिली. अजून आणली नाही. आणायला जायची हिंमत नाही.

मंगळवारी दादी आणि मी जीपनं सेनगावला गेलो. तहसील कचेरीबाहेर सटवाजी म्हणून एक जण अर्ज लिहून देतो. त्याला म्हणालो, प्रतिज्ञापत्र करायचं आहे, नातीचं वय दुरुस्त करायचं आहे. तो न बघताच म्हणाला, "किती कमी करायचं, बाबा?" मी म्हणालो, वाढवायचं आहे. त्यानं पेन खाली ठेवला. "तीस वर्षं इथं बसून राहिलो. वय वाढवाया आलेला पयला मानूस तुमीच. लगीन करून द्यायचं का पोरीचं?" आजूबाजूचे हसले. दादी त्याच्यावर ओरडली, "खेळाचं हाय! परदेशातलं हाय! तू लिव." मग त्यानं लिहिलं.

मी त्यात असं लिहवलं. रुपाचा जन्म २००६ च्या दिवाळीतला. २०१४ साली शाळेत आणि नंतर ग्रामपंचायतीत मी जाणूनबुजून चुकीचं वय सांगितलं. त्यात रुपाचा काही दोष नाही आणि तिला हे जुलै २०२५ पर्यंत ठाऊक नव्हतं. "जाणूनबुजून" हा शब्द सटवाजी घालत नव्हता. म्हणाला, "बाबा, चुकून लिवा, तकलीफ कमी व्हईल." मी तो घालायला लावला. दादीनं साक्षीदार म्हणून अंगठा दिला, कारण नाळ तिनं कापली. सही सरळ आली. या वेळी अंगठ्याला काही झालेलं नव्हतं.

बुधवारी स्पीड पोस्टानं ते ज्योती मॅडमला पाठवलं. सोबत एक चिठ्ठी आहे. तुझ्या घरच्यांना सही जमली नाही असं तिनं समजू नये, म्हणून सगळं लिहिलं आहे. एक जूनवाला कागद मी फाडला.

बाकी तीस जणांचं मी काही लिहिलं नाही. तेवढी छाती माझ्यात नाही. ते नाइकालाही सांगितलं, पण त्याचा विश्वास बसत नाही. काल पाणवठ्यावर मी गेलो तर बायांनी बोलणं थांबवलं. पुढच्या जूनला कोणी मला लेकरू घेऊन शाळेत चला म्हणणार नाही. ते बरोबर आहे. पन्नास वर्षं मी ते काम केलं आणि ते काम काय होतं हे मला आता कळतं आहे. तुझ्या दहावीच्या कागदांवरही तीच तारीख आहे. त्याची दुरुस्ती कशी करायची ते वकिलाला विचारलं, तो म्हणाला, लांबचं काम आहे. ते मी करीन. तेवढं माझ्यावर सोड.

तू मलेशियाला जाणार नाहीस हे मला ठाऊक आहे. ते मी तुझ्याकडून घेतलं आणि परत देता येत नाही. माफी मागत नाही, कारण तू माफ केलंस तर मला आणखी लाज वाटेल.

एवढे दिवस मी एका लहान पोरीला पत्रं लिहीत होतो. तिला समजावत होतो, टाळत होतो, आणि घाबरलो तेव्हा जड कागद तिच्याच हातात दिला. हे पत्र मात्र मी अठरा भरलेल्या बाईला लिहितो आहे. तिच्याशी कसं बोलायचं ते मला अजून येत नाही, शिकीन.

मॅडम काय म्हणाली? त्या दोघी पोरी तुझ्याशी बोलतात का? देविदासाला कामावर काही बोल तर नाही ना लागला? मैदानावर तू जातेस का, का तेही सुटलं? अठराच्या पुढच्या बायांची काही स्पर्धा असते का? रोज दुपारी मुंजाजीची सायकल दिसली की मी दारात जाऊन उभा राहतो, आणि तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. तुला काही लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नको. नुसतं कोरं कार्ड टाक. त्याच्यावर पत्ता तुझ्या हातचा असला तरी मला पुरे. पण लवकर टाक, बाई.

गुलाबचंद